एक रेघ, बाजूला सही

माझी मुलगी जन्मली त्या रात्री मी मुक्कामी गाडीवर होतो. ऑगस्ट २०१३. पाटणच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात, तीस-चाळीस उंबऱ्यांचं एक गाव. संध्याकाळची शेवटची एसटी घेऊन जायचं, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून खाली आणायची. त्या काळी गावात मोबाइलला रेंज नव्हती. पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी कराडजवळ माहेरी होती आणि तारखेला अजून पाच आठवडे बाकी होते. मी निर्धास्त होतो. मागच्या लांब बाकावर घोंगडं टाकलं आणि टपावरचा पाऊस ऐकत झोपून गेलो.

सकाळी खाली उतरताना एका वळणावर रेंज यायची. ते वळण सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं गाडी आली की प्रवाशांचे फोन एकापाठोपाठ वाजायला लागायचे. त्या दिवशी माझाच फोन थांबेना. अकरा मिस्ड कॉल. मेहुण्याला लावला तर तो एका दमात म्हणाला, "दाजी, मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली. वजन कमी आहे, काचेत ठेवलीय. ताई ठीक आहे."

पुढच्या बाकावर काकड्यांची पाटी घेऊन बाजाराला निघालेली एक आजी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पाटीतली एक काकडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आरं, लक्ष्मी आली की घरात. मग त्वांड का पडलं तुझं?"

मी काहीच बोललो नाही. घंटी ओढून पुढच्या थांब्याची तिकिटं फाडायला लागलो. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला बरेच महिने लागले. पुढे मुलीसाठी मी ज्या तीन वह्या लिहिल्या, त्यांची सुरुवात या प्रश्नापासूनच व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही, आणि त्यातच मी बरंच काही शिकलो.

दुपारी कराडला पोहोचलो तो खाकी गणवेशातच. एक किलो साडेआठशे ग्रॅम. काचेच्या पेटीत मुठीएवढं तोंड, नाकात नळी, पायाच्या अंगठ्याएवढ्या मनगटाला चिकटपट्टी. दोन-तीन दिवसांनी बाळ जरा स्थिर झाल्यावर तिथली सिस्टर मला म्हणाली, "दादा, हात धुवा, शर्टाची बटणं काढा आणि या खुर्चीत मागं रेलून बसा." पत्नीचे टाके अजून ओले होते, तिला फार वेळ बसवत नव्हतं. सिस्टरनं फक्त टोपी आणि लंगोट घातलेलं ते बाळ माझ्या उघड्या छातीवर उभं ठेवलं आणि वरून कापड गुंडाळलं. याला कांगारू पद्धत म्हणतात, असं तिनं सांगितलं. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आईच्या अंगाची ऊब वापरायला सुरुवात केली. पुढे ही रीत जगभर गेली. आईला जमत नसेल तर बापाची ऊबही चालते.

तिकीट छापताना मशीन हातात हलकी थरथरते. तसंच तिचं काळीज माझ्या छातीवर थरथरत होतं. सिस्टर म्हणाली, "ह्यांना वीत-दीड वीत अंतरावरचंच दिसतं. खाली बघा, म्हणजे तुमचं तोंड दिसेल तिला." मी तासभर मान वाकवून बसलो. मान अवघडली तरी हललो नाही.

रजा संपली आणि पुन्हा मुक्कामी गाडीवर लागलो. आठवड्याच्या सुट्टीला एकदा कराड. मधले सहा दिवस मुलगी डोळ्यांसमोर नसे. म्हणून एसटी स्टँडाबाहेरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली आणि रात्री गाडीतल्या दिव्याखाली तिला लिहायला लागलो.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी रात्री जेवणानंतर आमच्याजवळ येऊन बसत. त्यांनी वही पाहिली आणि नेहरूंची गोष्ट सांगितली. १९२८ च्या उन्हाळ्यात इंदिरा मसुरीला होत्या आणि नेहरू अलाहाबादला. पृथ्वी कशी झाली, माणूस कसा झाला, हे त्यांनी दहा वर्षांच्या लेकीला पत्रांतून सांगितलं. पुढच्याच वर्षी त्या पत्रांचं पुस्तक झालं. साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ही गुरुजींनी मला शाळेच्या कपाटातून आणून दिली. मी दोन्ही वाचली आणि भारावून गेलो. आपणही असंच लिहायचं, असं ठरवलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नाही. ती पत्रं लिहिणाऱ्यांना समोरचं मूल ठाऊक होतं. ते वाचू शकत होतं, उलटून प्रश्न विचारू शकत होतं. माझी मुलगी तीन आठवड्यांची होती आणि मी तिला जेमतेम चार वेळा पाहिलं होतं. जिच्याविषयी काही ठाऊक नाही, तिला माणूस काय लिहिणार? उपदेश. मी पानंच्या पानं उपदेश लिहिला. खूप शिक. कोणापुढं हात पसरू नकोस. मोठी अधिकारी हो. आईबापाचं नाव काढ. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ‘तू झालीस हे कळलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं.’ लिहिताना ते मला खरं वाटत होतं.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा अशी अकरा पत्रं झाली होती. सुट्टीच्या दिवशी मोठ्या हौसेनं पत्नीला वाचायला दिली. तिनं बाळ मांडीवर घेऊन सगळी वाचली, वही मिटली आणि म्हणाली, "अहो, यात ती कुठंय?" थोड्या वेळानं तोंड फिरवून आणखी एक वाक्य बोलली, "आणि मी कुठंय?"

मला राग आला. तिला यातलं काय कळतंय, असं मनात आलं. परतीच्या गाडीत मी तोच राग घोळवत बसलो होतो.

खरं म्हणजे तिचं काहीतरी बिघडत चाललं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. ती बाळाला घ्यायची, पण तिच्याकडं बघायची नाही. रात्र-रात्र जागी असायची. जेवण पुढ्यात तसंच राहायचं. मी विचारलं तर "काही नाही" म्हणून भिंतीकडं तोंड करायची. घरातल्या बायका म्हणत, "पहिलटकरीण आहे, नखरे करतीय." मी ऐकून घेत होतो. पुढच्या मुक्कामाला वहीत लिहिलं, ‘बाळ, तुझ्या आईला तू नकोशी झाली आहेस की काय, असं मला वाटतं. पण काळजी करू नकोस, तुझा बाप आहे.’ त्या रात्री हे वाक्य मला फार चांगलं वाटलं होतं. आज ते वाचताना अंगावर काटा येतो.

चूक दाखवली ती आशाताईनं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. आमच्या त्या बेचाळिसाव्या दिवशी योगायोगानं माझी सुट्टी होती. ताईनं बाळाचं वजन केलं, बेंबी पाहिली आणि कार्डावर नोंद केली. मग बाळ बाजूला ठेवून ती पत्नीजवळ जाऊन बसली आणि तिचा हात धरून विचारलं, "झोप लागती का? रडू येतं का?" पत्नी हुंदके देऊन रडायला लागली. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "भाऊ, हे दुखणं आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतं. ताप आला तर डॉक्टरकडं नेता ना? मग आता पण न्यायचं. उशीर करू नका."

दुसऱ्याच दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडं गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या, पण सांगितलं की त्याहून गरजेची आहे झोप आणि आधार. मी रजा घेतली. रात्री बाळाची जबाबदारी माझ्याकडं आली. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं थेंब-थेंब पाजायचं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची, लंगोट बदलायचा. त्या रात्रींत पत्नी सलग पाच-सहा तास झोपायला लागली. दिवाळी झाली आणि एका सकाळी मी चहा ठेवत असताना आतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला. ती बाळाला तेल लावत होती. चहा उतू गेला तरी मी तसाच उभा होतो.

रजा संपल्यावर पहिल्या मुक्कामी वही उघडली आणि ते वाक्य समोर आलं. पान फाडावंसं वाटलं. फाडायला हातही घातला. पण माझा हात वेगळ्या कामात घडला होता.

वाहकाचं अर्धं काम तिकीट फाडण्याचं आणि अर्धं वेबिलाचं. प्रत्येक टप्प्यावर नोंद करायची. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. मी २००८ साली लागलो तेव्हा तिकिटांचा ट्रे आणि पंच होता, मशीन नंतर आली. पण वेबिलाचे नियम तेच राहिले. वेबिलाचं पान फाडता येत नाही. खाडाखोड, गिरवागिरव चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, ती अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. दुसरा नियम खासगी रोकडीचा. ड्युटी सुरू होताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत, ते आधी वेबिलावर लिहायचं. एकदा ते लिहिलं की पुढच्या सगळ्या हिशेबात आपलं कुठलं आणि प्रवाशांचं कुठलं, याचा घोळ होत नाही.

मी त्या वाक्यावर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘आई आजारी होती. मला कळलं नाही.’ बाजूला सही केली आणि तारीख घातली.

मग पहिल्या पत्राकडं गेलो. आभाळ ठेंगणं झालं होतं का? नव्हतं. त्या वळणावर माझं तोंड पडलं होतं आणि काकड्यांच्या आजीनं ते पाहिलं होतं. भीती होतीच. वजन कमी, काचेची पेटी, पोट फाडलेलं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मनात मुलाचं नाव ठरवून ठेवलं होतं. ते नाव आता उपयोगाचं नाही, हा विचार मेहुण्याचं वाक्य पुरं होण्याआधीच डोक्यात येऊन गेला होता. एक क्षणच, पण आला होता. ती माझी खासगी रोकड होती आणि मी ती नोंदवलीच नव्हती. ती अकरा पत्रं गोड झाली ती त्यामुळं. जे लपवलं होतं, ते झाकायला एवढे मोठे शब्द लागले. त्या ओळीवरही मी रेघ मारली. शेजारी जे खरं होतं ते लिहिलं. सही केली. त्या रात्री शांत झोप लागली.

त्यानंतर वहीची तऱ्हाच बदलली. उपदेश बंद झाला. टप्प्याटप्प्याची नोंद सुरू झाली. त्या दिवसांतल्या एका पानावर असं आहे: ‘आज त्रिगुणी लशीचा तिसरा डोस. वजन चार किलो दोनशे. सुई टोचली तेव्हा आधी आश्चर्यानं बघितलंस, मग रडलीस. आईनं छातीशी धरलं. दोन मिनिटांत गप्प. माझ्या बिल्ल्याची पिन तोंडात घालायला निघाली होतीस, म्हणून बिल्ला काढून खिशात ठेवला. आईनं दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.’ यात प्रेम हा शब्द नाही, तरी आमच्या घराला ते सगळ्यात जवळचं पान वाटतं.

आणखी एका रात्रीनं हे पक्कं केलं. डिसेंबरची थंडी होती. मध्यरात्री उभी गाडी स्प्रिंगांवर हलली, काचा खणखणल्या. कोयनेच्या पट्ट्यात असे छोटे धक्के नवे नाहीत. पण आमच्या तीन खोल्यांच्या जुन्या भाड्याच्या घरात मायलेकी होत्या आणि इथं फोन लागत नव्हता. मी खाली उतरलो. समोरच्या घरातले आजोबा कंदील घेऊन बाहेर आले होते. आम्ही सकाळपर्यंत ओट्यावर शेकोटी करून बसलो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची गोष्ट ते सांगत होते. भिंत पडली आणि पाळण्यातली त्यांची धाकटी बहीण गेली. "आई-बाप गेलं. थोरला भाऊ गेला. आता तिचं नाव आठवणारा मी एकलाच राहिलो," असं ते म्हणाले. मी विचारलं, ती कशी होती? बराच वेळ ते विस्तवाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लहान व्हती. डाव्या हाताचं बोट चोखायची. यापरीस काय बी आठवत न्हाई."

सकाळी त्या वळणावर फोन लागला. दोघी झोपेत होत्या, धक्का कळलाही नव्हता. मी वहीत लिहिलं, ‘तू उजव्या हाताचा अंगठा चोखतेस. झोपेत डावा पाय पांघरुणाबाहेर काढतेस.’ बापानं लेकीला काय द्यावं, याबद्दल मोठमोठे विचार माझ्या डोक्यात होते. आजोबांनी शिकवलं ते साधं होतं. मूल जसं आहे तसं पाहिलेलं कुणीतरी असावं आणि ते कुठंतरी लिहिलेलं असावं.

मुक्कामाची ड्युटी पुढं सुटली, दिवसपाळी मिळाली, पण वह्या चालू राहिल्या. मी गाडीतली तिकिटंही त्यात चिकटवत असे. तिचा पहिला प्रवास, पहिली जत्रा, आजोळची पहिली खेप. पाच वर्षांपर्यंत मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळं ती तिकिटं आमची दोघांची होती. २०१८ साली ती पाच वर्षांची झाली आणि योगायोगानं माझ्याच गाडीत बसून आजोळी निघाली. मी स्वतःच्या खिशातले पैसे पिशवीत टाकले आणि तिला अर्धं तिकीट दिलं. माझ्या हातानं फाडलेलं तिचं पहिलं तिकीट. तिनं ते दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसून कराडपर्यंत नेलं. रात्री वहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं, ‘आजपासून तू प्रवासी.’

आता गंमत म्हणण्यापेक्षा हळहळ वाटावी अशी गोष्ट. मशीनचं तिकीट उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापतात. त्यात शाई नसते. उन्हानं, हवेनं ती अक्षरं उडतात. मागच्या वर्षी वह्या काढल्या तेव्हा सगळी तिकिटं कोरी झाली होती. गावांची नावं, वेळ, भाडं, काहीच उरलं नव्हतं. तिच्या पहिल्या अर्ध्या तिकिटाच्या जागी पिवळट कागदाचा नुसता तुकडा होता. खाली बॉलपेननं लिहिलेली ओळ मात्र होती तशीच होती. जिथं मी आळस केला, तिकीट चिकटवून ‘पुढं लिहीन’ म्हणून सोडून दिलं, तिथं तो दिवसच पुसला गेला. आता मला सांगताही येत नाही की ते कुठलं तिकीट होतं.

गेल्या पावसाळ्यात तिला बारा पूर्ण झाली. आधीच्या हिशेबानं तिचं तिकीट आता पूर्ण झालं असतं. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, त्यामुळं ते अर्धंच राहिलं. याचा तिला फार आनंद झाला. मी त्या दिवशी ठरवलं की वह्या आता तिच्या हातात द्यायच्या. पत्नीला विचारलं. ती म्हणाली, "द्या. पण सगळ्या द्या."

तिनं तीन दिवस वाचल्या. उपदेशाची अकरा पत्रं भराभर उलटली. दोन भाकऱ्यांच्या पानापाशी थांबली. बोट चोखणाऱ्या मुलीचं पान दोनदा वाचलं. आभाळाच्या ओळीवरची रेघ बघून माझ्याकडं आली. मी तिच्या नजरेला नजर देऊ शकेन की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "बाबा, मग त्या आजीनं दिलेल्या काकडीचं काय केलं?" मी सांगितलं, "दवाखान्यात नेली. तुझ्या आईनं आणि मी अर्धी-अर्धी खाल्ली." ती म्हणाली, "हे कुठं लिहिलंय?" लिहिलं नव्हतं. तिनं पेन माझ्यापुढं धरलं आणि मी बारा वर्षांनी ती ओळ लिहिली.

मग तिनं ते दुसरं पान उघडलं. आईवर लिहिलेलं ते वाक्य, त्यावरची रेघ, शेजारी ‘आई आजारी होती. मला कळलं नाही’, माझी सही आणि तारीख. बराच वेळ पाहून तिनं मला विचारलं, "चूक आईच्या बाबतीत झाली, मग इथं आईची सही का नाही?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते पान पत्नीनं कधी पाहिलंच नव्हतं. मुलगी वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. पत्नीनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि उभ्याउभ्याच वाचलं. काही बोलली नाही. वही ओट्यावर ठेवली, माझ्या सहीखाली आपली सही केली आणि मुलीला तारीख विचारून तीही लिहिली.